जी-तीन ग्रेडचे धोंडे

मधुसूदन हरकरे यांनी जावयासाठी बदामाचं पीठ विकत आणलं आणि ते स्वयंपाकघरात न नेता थेट कोळसा तपासणाऱ्या लॅबमध्ये नेलं, याचं त्यांच्या बायकोला काही विशेष वाटलं नाही. ज्या माणसाने लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या पोळीवर "ओलावा बरोबर आहे" एवढाच अभिप्राय दिला होता, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणं ताराबाईंनी केव्हाच सोडलं होतं.

मधुसूदनराव कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या प्रयोगशाळेत होते. वॅगनमधून आलेला कोळसा कुटायचा, दळायचा, त्यातला चिमूटभर जाळायचा आणि उष्णता किती निघाली, राख किती उरली ते लिहून ठेवायचं. निवृत्त होईपर्यंत हे काम त्यांनी इतकं मनापासून केलं, की जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांना दोनच प्रश्न विचारावेसे वाटत: जाळलं तर उष्णता किती देशील, आणि मागे राख किती ठेवशील. माणसांनाही ते मनातल्या मनात हेच विचारत. भिंतीपलीकडच्या नत्थूजींबद्दल त्यांचं मत होतं, की उष्णता बेताची, राख फार.

तर यंदा अधिक महिना आला तो नेमका नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात भाजके नऊ दिवस, सोबत घेऊन. नागपुरात नवतप्यात शहाणी माणसं कूलरसमोरून हलत नाहीत. पण अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, कणकेत पुरण भरून केलेले धोंडे वाढायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि जावई नको-नको म्हणेपर्यंत आग्रह करायचा. त्यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. जावयाने 'नको' म्हणणं हा रिवाज, आणि ते कोणीही मनावर न घेणं हे शास्त्र.

हरकऱ्यांचा जावई आर्यन हिंगण्याला एका कंपनीत सुपरवायझर होता. लग्नानंतरचा त्याचा हा पहिलाच अधिक महिना. पण दिवाळीनंतर कंपनीने सगळ्यांची तपासणी केली, त्यात ह्याच्या रक्तात साखर निघाली. वय अजून पस्तिशीच्या आत. त्यानंतर दोन-चार घरी जेवून आला आणि मग त्याने कोणाकडे जेवायला जाणंच सोडलं होतं. हिंगण्याहून हरकऱ्यांची झिंगाबाई टाकळी म्हणजे काही परदेश नव्हे, मेट्रो आणि पुढे ऑटो. पण संक्रांत गेली, होळी गेली, आर्यन आला नाही. सुरुची एकटी यायची आणि त्याच्या शिफ्टबद्दल काहीतरी सांगायची, जे सांगताना ती कूलरकडे बघायची.

शेवटी धोंड्याचं आमंत्रण गेलं तेव्हा तिने फोनवर खरं सांगून टाकलं.

"बाबा, तो येत नाही म्हणून राहिला."

"काहून?"

"कोणाकडे गेलं की आधी आग्रह करतात. मग हा नाही म्हणतो. मग ते विचारतात काहून. मग हा सांगतो. मग सगळे असे पाहतात, जसं काही तो निरोपच घ्यायला आला. आणि मग कोणाचा तरी मामा निघतो, ज्याचा पाय कापावा लागला. दर वेळी एक मामा निघतोच, बाबा. तो म्हणते, मले भूक लागली तरी चालेल, पण आता मामा नको."

मधुसूदनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. जावयाशी त्यांचं आजवरचं एकूण संभाषण 'ऊन फार आहे' आणि 'हो, फार आहे' यापलीकडे गेलेलं नव्हतं. पण तो पोरगा आपल्या घरी यायला भितो, ही गोष्ट त्यांना फार लागली.

"त्याले सांग," ते म्हणाले, "आपल्या घरी त्याले एकदाही नाही म्हणावं लागणार नाही. त्याले चालतील असेच धोंडे करतो."

"कोण करते?"

"मी."

फोनवर सुरुची गप्प झाली. स्वयंपाकघरातला कुकरही त्याच वेळी गप्प झाला, पण तो योगायोग असावा.

दुपारभर मोबाइलवर शोध घेतल्यावर मधुसूदनरावांना बदामाचं पीठ सापडलं. कर्बोदकं कमी. प्रथिनं भरपूर. तंतू आहेत, ई जीवनसत्त्व आहे, मॅग्नेशियम आहे. रक्तातली साखर गव्हासारखी झपकन वाढवत नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे वाचलं. मग पुढची ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"तारा, इकडे ये वं. शंभर ग्रामले सहाशे कॅलरी. म्हणजे किलोले सहा हजार. आपल्या कोळशात चार हजार निघाले तर आम्ही पेढे वाटत होतो."

"पेढ्यांचा विषय नका काढू आता," ताराबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सुरुचीने फोनवर समजावून पाहिलं. "बाबा, कॅलरी जास्त आहे म्हणून ते चांगलं नाही. साखर कमी आहे म्हणून चांगलं. कॅलरी जास्त आहे म्हणून तर ते बेतानंच खायचं असते."

"सुरुची, जास्त कॅलरीचा कोळसा आजपर्यंत कोणी परत पाठवला नाही," मधुसूदनराव म्हणाले, आणि विषय संपला. निदान त्यांच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी ते सीताबर्डीला गेले आणि सुक्यामेव्याच्या एका दुकानातून पिठाचं पाकीट घेऊन आले. पाकिटावर सगळे आकडे छापलेले होते. पण कागदावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर सरकारने इतकी वर्षं आपल्याला पगार कशाला दिला, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय जावयाच्या जिवाचा मामला. म्हणून ते पाकीट घेऊन प्रेमानंदकडे गेले. प्रेमानंद हा त्यांचा जुना हाताखालचा माणूस, आता एका खासगी कोळसा लॅबमध्ये होता. साहेबांना पाहून तो उभा राहिला, पाकीट पाहून परत बसला.

"साहेब, करून देतो. पण कॉम्प्युटरमध्ये नोंद केल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही. खाणीचं नाव?"

"हे बदाम आहे गा."

"ते ठीक आहे. पण रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान येत नाही."

बऱ्याच विचारांती खाणीचं नाव 'सीताबर्डी' असं घालण्यात आलं. माल कशातून आला, या रकान्यात वॅगनच्या जागी प्रेमानंदने साहेब ज्या मेट्रोने आले तिच्या लाइनचा रंग घातला. नमुन्यात दगड किती, याला उत्तर 'निरंक'. कॉम्प्युटरला काहीच वावगं वाटलं नाही. त्याने फक्त माल भिजलेला होता का, एवढं दोनदा विचारलं.

निकाल आला तेव्हा दोघंही पडद्यावर वाकले. उष्मांक साडेसहा हजारांच्या वर, म्हणजे पाकिटावर छापल्यापेक्षाही जास्त, कारण पोटाला जे जळत नाही तेही यंत्र जाळतं. ग्रेड जी-तीन. आपल्याकडच्या साध्या कोळशाला असा ग्रेड स्वप्नातही पडत नाही. आणि राख तीन टक्के. ज्या माणसाने उभ्या नोकरीत चाळिसाच्या आसपासची राख पाहिली, त्याला तीन टक्के राख दिसल्यावर हात जोडावेसे वाटणं साहजिक आहे.

"साहेब, हे बॉयलरमध्ये टाकायले पाहिजे," प्रेमानंद हळूच म्हणाला.

"जावयाले टाकून राहिलो," मधुसूदनराव म्हणाले.

त्यांनी तिथेच प्रमाणपत्राचा फोटो काढून आर्यनला पाठवला. खाली लिहिलं, 'धोंड्याचे पीठ तपासून घेतले आहे. जी-तीन. काळजी नसावी.' बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा दिसल्या. मग उत्तर आलं: 'बाबा, हे तुम्ही माझ्यासाठी केलं?' आणि थोड्या वेळाने आणखी एक: 'रविवारी येतो.'

मधुसूदनरावांनी मोबाइल खिशात ठेवला आणि उरलेलं पीठ मागितलं.

प्रेमानंदने खाली मान घातली. नियमाप्रमाणे नमुन्याचे भाग पडतात. एक लॅबचा, सगळ्यात मोठा, तो वेगवेगळ्या चाचण्यांत जळाला. एक विकणाऱ्याचा, तो सीताबर्डीच्या दुकानदाराच्या नावाने बाजूला निघाला. एक रेफरी भाग, म्हणजे उद्या दोघांत वाद झाला तर तिसऱ्याने तपासावा म्हणून सील करून कपाटात ठेवायचा. आणि एक घेणाऱ्याचा. तो प्रेमानंदने अदबीने हातात दिला. साधारण दोन चमचे भरला असता.

"अख्खं पाकीट?"

"नमुना पूर्ण घ्यायचा, हात आखडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं न साहेब."

"रेफरी भाग दे. वाद नाही न कोणाचा."

"वाद नाही असं दोन्ही पक्षांनी लिहून द्यावं लागते. दुकानदाराचं आणाल?"

दुसरं पाकीट आणता आलं असतं. पण दुसरं पाकीट म्हणजे दुसरा माल, आणि प्रमाणपत्र होतं पहिल्या मालाचं. शिवाय ते तपासायला आणलं असतं तर तेही याच वाटेने गेलं असतं. या चक्रातून सुटण्याचा एकच मार्ग मधुसूदनरावांना दिसला. बदाम आणायचे आणि घरीच दळायचे.

बदाम घेऊन ते फाटकातून आत येत होते तेव्हा नत्थूजी भिंतीवर कोपरं टेकून उभेच होते. नत्थूजी जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आता ते दुसऱ्यांच्या पिशव्या नजरेने मोजत.

"बदाम?"

"जावयासाठी. पीठ करतो."

नत्थूजींनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ पांढरंफटक पडलेलं होतं, रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं. "नवतप्यात जावयाले बदाम चारून राहिला? बदाम गरम असते गा हरकरे. पोरगं ताटावरच नाक धरून बसन. रातभर भिजवून घे. उष्णता पाण्यात उतरते."

"उष्मांक पाण्यात उतरत नसते, नत्थूजी. शास्त्र आहे ते."

"मग रगताचे डाग कशानं उतरतात, तेही शास्त्राले विचारून ठेव."

मधुसूदनरावांनी शास्त्राच्या बाजूने बराच वेळ ताठ राहून पाहिलं. रात्री कूलरसमोर पडल्या पडल्या त्यांच्या डोळ्यांसमोर आर्यनचं नाक येत राहिलं. शेवटी ते उठले आणि बदाम भिजत घातले. सकाळी ताराबाईंनी विचारलं तेव्हा, "साल काढायले सोपं जाते," असं कारण त्यांनी दिलं, जे खरंही होतं, त्यामुळे त्यांना जास्तच अपराधी वाटलं.

सोललेले बदाम वाळायला गच्चीवर घातले. नागपूरच्या उन्हात वाळवण घालण्याची एक अडचण आहे. ते वाळलं की ऊन थांबत नाही. दुपारी ताराबाई वर गेल्या तेव्हा बदामांना घाम फुटला होता आणि खाली अंथरलेल्या चादरीवर तेलाचा मोठा डाग पडला होता. चादर अर्थातच नवी होती. आजूबाजूला चार-पाच खारी पोट वर करून पडलेल्या होत्या, त्या मेल्या असाव्यात असं क्षणभर वाटलं. पण त्या नुसत्या जेवल्या होत्या.

उरलेल्या बदामांपैकी अर्धे मिक्सरमध्ये गेले. पहिल्या फेरीला पीठ सुरेख झालं. ताराबाई म्हणाल्या, पुरे. पण कोळशाचा नमुना एका ठरावीक बारीक चाळणीतून जावा लागतो, नाहीतर तो नमुनाच नव्हे, आणि मधुसूदनरावांनी हयातीत कधी जाडाभरडा नमुना पुढे पाठवला नव्हता. त्यांनी मिक्सर चालू ठेवला. पीठ भांड्याच्या कडेला चिकटलं. मग त्याचा गोळा झाला. मग गोळा चमकायला लागला. झाकण काढलं तेव्हा आत तुकतुकीत लोणी होतं.

ताराबाईंनी ते चमच्याने उचलून पाहिलं. "याचं तूप कढवायचं की असंच ठेवायचं?"

मधुसूदनरावांनी झाकण परत लावलं. ते राहिलेले बदाम डब्यात घालून चक्कीवर गेले.

कॉलनीची चक्की चंद्रभान चालवायचा. त्याचा स्वतःवर आणि चक्कीवर सारखाच विश्वास होता. "साहेब, या चक्कीत मी हळद दळली, सातू दळला, एकदा तर एका महाराजांची विभूती दळून देली. बदाम काय चीज आहे." असं म्हणून त्याने डबा वर ओतला. चक्कीचा आवाज आधी नेहमीसारखा होता. मग तो जड झाला, जेवण झाल्यावर माणूस बोलतो तसा. मग बंद पडला. सगळ्या दुकानात लग्नघरासारखा वास सुटला, आणि चक्कीच्या दगडांमधून तेल गळायला लागलं.

"होते असं कधी कधी," चंद्रभान म्हणाला. हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. "वरून गहू टाकला की साफ होते." रांगेत पुढचा डबा कॉलनीतल्या कांताबाईंचा होता. त्यांच्या गव्हाने चक्की साफ झाली नाही, पण गव्हाचं कल्याण झालं. त्यांच्यामागच्या आणि त्यांच्यामागच्या सगळ्यांचंही झालं. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या घरोघरच्या पोळ्यांना बदामाचा वास होता. अर्धी कॉलनी तक्रार घेऊन आली, की हे काय. अर्धी कॉलनी विचारायला आली, की पुन्हा कधी.

संध्याकाळी रहिवासी संघाची तातडीची सभा भरली. अध्यक्ष नत्थूजी. चक्कीत धान्याशिवाय काही दळू नये असा ठराव आला. त्यावर कोणीतरी विचारलं, बदाम धान्य नाही असं कोण म्हणतं. त्यावर बराच ऊहापोह झाला, हळदीचं काय असाही मुद्दा निघाला, आणि शेवटी बदाम हे धान्य आहे काय याचा अहवाल देण्यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली. कॉलनीत तांत्रिक माणूस एकच असल्यामुळे तिचं प्रमुखपद मधुसूदनरावांकडे आलं. स्वतःच्या गुन्ह्याची चौकशी स्वतःच करण्याचा मान फार थोड्या लोकांना मिळतो, पण त्या दिवशी त्यांना त्याचा आनंद झाला नाही. घरी येऊन ते सोफ्यावर बसले, आणि हातातल्या वाटीकडे, चक्कीच्या तोंडाशी अडकून वाचलेल्या मूठभर बदामांकडे बघत राहिले.

"तो येऊन राहिला तारा. मी त्याले शब्द देला."

ताराबाईंनी त्यांच्या हातातून वाटी घेतली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी बदाम मागवले, फ्रिजमध्ये गार केले, आणि मिक्सर थांबवत थांबवत, थोडा थोडा फिरवून, चाळून, डबाभर पीठ करून समोर ठेवलं. कोरडं, भुरभुरीत, पांढरं.

मधुसूदनराव डब्यात बघतच राहिले. "हे कसं केलं?"

"शेंगदाण्याचं कूट काय आज पहिल्यांदा करून राहिली मी?"

"मग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही मले विचारलं नाही. तुम्ही लॅबले विचारलं."

रविवारी सकाळी धोंडे करायला घेतले तेव्हा मधुसूदनरावांच्या ध्यानात आलं, की पीठ मिळालं म्हणजे धोंडा मिळाला असं नाही. गव्हाच्या कणकेत एक चिवटपणा असतो, ती ताणली जाते, वळते, पुरणाभोवती मिटते. बदामाच्या पिठात तो नसतो. त्याचा गोळा दिसायला गोळा होता, पण पुरण भरून मिटायला गेलं की तो भेगाळायचा. कसाबसा मिटलेला पहिला धोंडा त्यांनी तेलात सोडला. तो तेलात गेला आणि परत आलाच नाही. कढईत नुसता फेस उरला.

"मी कणकेचे दोन करते, अगदी लहान," ताराबाई म्हणाल्या. "त्याच्या डॉक्टरनं एवढं तर चालते म्हटलं होतं."

"नाही. मग त्याले विचार करावा लागेल, खाऊ की नको. तो विचारच त्याले करू द्यायचा नाही आहे."

यावर ताराबाईंनी नवऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि त्या दुसऱ्या शेगडीकडे वळल्या.

मग धोंडे उकडून पाहिले. ते ताटलीवर बसले, म्हणजे बसले ते उठलेच नाहीत. शेवटी सगळं पीठ, सगळं बिनगुळाचं पुरण आणि जायफळ एकत्र करून थाळीत दाबून उकडलं आणि त्याच्या वड्या पाडल्या. नेमक्या तेव्हाच कांताबाई डोकावल्या. धोंड्याच्या वाणाबाबत कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

"हे वाणात नाही चालत," त्यांनी वडी न्याहाळून सांगितलं. "वाणाची वस्तू जाळीदार पाहिजे. अनारशाले भोकं असतात, बत्ताशाले असतात. याले एकही नाही."

"भोकं पाडली तर?"

कांताबाईंनी शास्त्र आठवून पाहिलं. शास्त्रात तशी मनाई नव्हती. ताराबाईंची विणकामाची सुई गरम पाण्यातून काढून मधुसूदनराव टेबलाशी बसले आणि तेहतीस वड्यांना भोकं पाडत राहिले. कपाळावरचा घाम ओघळत होता, कूलर खडखडत होता. काम संपल्यावर त्यांनी ताट उंच धरून पाहिलं. वड्या करड्या, चौकोनी, भोकाभोकांच्या आणि विलक्षण टणक झाल्या होत्या. बॉयलरच्या आतल्या भिंतीला लावतात त्या विटांची त्यांना आठवण झाली. त्यांच्या दृष्टीने ही कौतुकाची बाब होती.

आर्यन आणि सुरुची दुपारी आले. आर्यन वाळला होता. त्याने वाकून नमस्कार केला, "ऊन फार आहे" म्हणाला, आणि मधुसूदनराव "हो, फार आहे" म्हणाले. नत्थूजी सहज आल्यासारखे येऊन बसलेच होते. त्यांनी जावयाकडे निरखून पाहिलं आणि घसा साफ केला.

"आमच्या एका मामाले..."

"नत्थूजी," मधुसूदनराव म्हणाले, "मामा नको."

नत्थूजींनी मामा गिळला. त्यावर पाणी प्यायले.

पाट मांडले. ताराबाईंनी आर्यनला ओवाळलं. वड्यांचं ताट समोर आलं, त्यावर तेवता दिवा ठेवलेला. मधुसूदनरावांनी त्यातली एक वडी उचलून जावयाच्या पानात वाढली आणि समोर बसले. सुरुची बसली. नत्थूजी पुढे सरकले. आर्यनला कळत होतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. गेल्या सहा महिन्यांत त्याच्याकडे लोक ज्या नजरेने बघत तीच ही नजर नव्हती. पण ती नजर वेगळी आहे एवढंच त्याला दिसलं, कशाची आहे ते कळलं नाही.

त्याने घास घेतला. चावला. चावत राहिला. तोंडातला घास इकडून तिकडे गेला आणि परत आला. कूलरमध्ये पाणी पडण्याचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळाने त्याने तो घास पाण्याबरोबर खाली उतरवला, आणि पानाकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, हे नाही खाऊ शकत मी."

मधुसूदनरावांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम उतरलं. ताराबाई घाईघाईने म्हणाल्या, "जावईबापू, साखरेचा कण नाही त्यात. गूळही नाही. सगळं तपासलेलं आहे."

"साखरेचं नाही, आई," आर्यन म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, जणू त्यालाच आपल्या बोलण्याचं नवल वाटलं. "साखरेचं काहीच नाही. वाईट लागते."

नत्थूजींनी हात लांबवून एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि उठून मोरीकडे गेले. मधुसूदनरावांनी एक वडी हातात घेतली. या सगळ्या प्रकरणात त्यांनी या पिठाचा उष्मांक काढला होता, राख काढली होती, ग्रेड काढला होता, पण ते चाखून पाहिलेलं नव्हतं. कोळसा कोणी चाखत नाही. त्यांनी घास घेतला. नुसतं जायफळ, ओलसर पुठ्ठा आणि मागून एक तेलकट चव, जी गळ्यात जाऊन बसली आणि तिथेच राहिली.

"फार वाईट लागते," ते म्हणाले.

"फारच," आर्यन म्हणाला.

"नको खाऊ."

"नाही खात."

आधी सुरुची हसली, मग आर्यन. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि सुरुचीने पाठ थोपटली तरी तो हसतच होता. लोकांच्या घरात बसून, पान समोर असताना, त्याने एका पदार्थाला नाही म्हटलं होतं, आणि कारण रक्तात नव्हतं, जिभेवर होतं. ज्या कारणाने कुठलाही धडधाकट माणूस नाही म्हणतो, त्याच कारणाने.

"मग आता खायचं काय?" नत्थूजींनी मोरीतून विचारलं.

ताराबाईंनी दुसऱ्या शेगडीवरचं आणलं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, पालकाची डाळभाजी, कांदा, ताक. घरात रोज होतं तसं. आर्यन जेवायला बसला आणि जेवला. अर्धी भाकर आणखी मागून घेतली. मध्येच नत्थूजी म्हणाले, थोडा भात घ्या, तर तो म्हणाला नको. कांताबाईंनी चटणी पाठवली होती, ती नको. मग सुरुचीने नुसती गंमत म्हणून विचारलं, पापड, तर तो म्हणाला, नको म्हणायचं होतं म्हणून नको, पण आण. त्या दुपारी त्याने इतक्या मनमोकळेपणाने 'नको' म्हटलं की नत्थूजींना शेवटी संशय आला, हा आपलीच चेष्टा करून राहिला काय.

ऊन कलल्यावर दोघं निघाली. मधुसूदनराव फाटकापर्यंत आले. ऑटो उभा होता. आर्यन आत बसता बसता थांबला.

"बाबा, पुढच्या रविवारी येऊ काय?"

मधुसूदनरावांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. जावयाला लगेच हो म्हणणं त्यांना प्रतिष्ठेला धरून वाटलं नाही.

"ये," ते म्हणाले. "पण आग्रह होणार नाही."

"मग नक्की येतो," आर्यन म्हणाला.